अमेरिकेत मुलांचं कॉलेज: अर्ज आणि पैसे. तुमचे अनुभव लिहा

मूल बारावीत गेलं की घरोघरी एकच धावपळ सुरू होते. माझ्या मते हा विषय दहावीतच काढायला हवा. फाफ्साचा, म्हणजे केंद्र (फेडरल) सरकारच्या शिक्षणमदतीसाठी भरायचा फॉर्म दोन वर्षांमागचं उत्पन्न धरतो. २०२७ च्या फॉलमध्ये कॉलेज सुरू होणार असेल, तर २०२५ चं टॅक्स रिटर्न बघतात. म्हणजे दहावी अर्धी होते तोवर हिशेबाचं वर्ष लागलेलं असतं! तुमच्याकडे कसं झालं, ते सविस्तर लिहा.

*

लेक कॉलेजांची यादी करायला बसली तेव्हा आम्ही ठरवलं, आधी त्या कॉलेजचं नेट प्राइस कॅल्क्युलेटर (मदत वजा जाता आपल्याला अंदाजे किती खर्च येईल ते दाखवणारं) भरायचं, मगच नाव यादीत. फेडरल मदत घेणाऱ्या कॉलेजांना ते साइटवर ठेवावंच लागतं. टॅक्सचे कागद टेबलावर पसरून ती एकेक रकाना भरायची, मी शेजारी. छापील फी बघून जे खासगी कॉलेज आम्ही सोडूनच देणार होतो, ते शेजारच्या राज्यातल्या सरकारी विद्यापीठापेक्षा स्वस्त निघालं. त्या निमित्ताने आमचा पगार आणि घराचा हप्ता तिने पहिल्यांदा पाहिला. एवढ्या लवकर हे तिला सांगावं का, यावर आमच्या दोघांत बरीच वादावादी झाली होती. मला विचाराल तर सांगावंच. पुढे अर्ली डिसिजनचा, म्हणजे एकाच कॉलेजला लवकर बांधील अर्ज करण्याचा विषय निघाला तेव्हा तीच म्हणाली, "आई, तिथे मिळालं की जावंच लागतं. बाकीच्यांची मदत किती, ते ताडून बघता येणार नाही. नको."

*

मुलगा एच-४ वर (एच-१बी वाल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा), त्यामुळे फेडरल मदत नाही. इन-स्टेट फी, म्हणजे राज्यातल्या रहिवाशांना लागणारी कमी फी मिळेल का, याचे नियम राज्यागणिक वेगळे. कॉलेजवाले फोनवर "नाही" म्हणाले. आम्ही ईमेल करून लेखी उत्तर मागितलं, ते "हो" आलं. एच-४ वाल्यांनो, तोंडी उत्तरावर थांबू नका, कळकळीने सांगतोय.

*

जुळ्या मुलींच्या आईबाबांसाठी: दोन मुलं एकाच वेळी कॉलेजात असली की मिळायची ती सवलत २०२४-२५ पासून फाफ्साच्या सूत्रातून गेली. सीएसएस प्रोफाइल (कॉलेजच्या स्वतःच्या मदतीसाठीचा वेगळा फॉर्म) मागणारी बरीच खासगी कॉलेजं मात्र अजून ते विचारात घेतात. आम्ही यादी त्याच अंगाने केली. आणि मुलांच्या नावावर पैसे साठवण्याआधी हे बघा: कुटुंब किती भरू शकेल हे ठरवताना फाफ्सात मुलाच्या नावची शिल्लक २० टक्के धरतात, आईवडिलांच्या नावचं ५२९ खातं (शिक्षणासाठीचं बचत खातं) जास्तीत जास्त ५.६४ टक्के.

*

मुलीला ॲडमिशन मिळाली आणि पाठोपाठ माझी नोकरी गेली. फाफ्सात उत्पन्न जुनंच. कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसला पत्र लिहिलं. लेऑफ लेटर, शेवटची पे-स्लिप आणि बेकारी भत्त्याचा कागद जोडला. असा फेरविचार करायचा अधिकार त्या ऑफिसला असतो, फक्त तो आपल्याला मागावा लागतो. १ मेपर्यंत होकार कळवायचा होता, म्हणून ती तारीख पहिल्याच ओळीत घातली. वाढीव ग्रँटचं पत्र त्याआधी आलं.