मदत हवी आहे : पोटावर तात्पुरती पिशवी, आणि ती काढल्यानंतरचं खरं काय ते

नमस्कार. माझं वय ४७, राहते कराडला, हायस्कुलात गणित शिकवते. सात महिने शौचातून रक्त जात होतं, ते मूळव्याध म्हणून अंगावर काढलं. इसबगोल, सुरणाची भाजी, ताक, सगळं करून झालं. शेवटी कोलोनोस्कोपी केली तेव्हा गुदद्वारापासून ६ सेंटिमीटरवर गाठ निघाली. कॅन्सरच. शनिवार-रविवार सोडून २५ दिवस रेडिएशन आणि सोबत केमोच्या गोळ्या झाल्या. एमआरआयमध्ये गाठ बरीच आटलेली दिसतेय. पुढच्या महिन्यात ऑपरेशन आहे.

सर्जननी कागदावर चित्र काढून समजावलं. गाठेचा भाग काढून मोठं आतडं खाली ओढून जोडणार. जोड फार खाली येणार आणि त्या जागेला रेडिएशनही झालेलं, म्हणून तो भरेपर्यंत त्यावरून शौच जाऊ द्यायची नाही. त्यासाठी लहान आतड्याचं एक वेटोळं पोटावर उजवीकडे बाहेर काढायचं, त्यावर पिशवी. इलिओस्टॉमी. पुढे लहानसं ऑपरेशन करून ते परत आत. हे सगळं मला पटलंय. पिशवी नकोच असा माझा हट्ट नाही.

अडचण आहे ती 'तात्पुरती' या शब्दाची. नवरा, दीर, शाळेतल्या बाया, सगळे तोच शब्द टेकवतात आणि विषय बदलतात. मी तोंड उघडायच्या आत माझं बोलणं संपलेलं असतं. बरं, तात्पुरती म्हणजे किती? सर्जन म्हणाले तीन महिने. केमोच्या डॉक्टर म्हणाल्या, आधी चार महिने केमो, मग बघू. एकाच गणिताला दोन उत्तरं आली की मी पेपर पुन्हा तपासायला घेते. इथे कोणाचा पेपर तपासू?

घरात सहा माणसं आणि संडास एक. सासूबाई सोवळ्याच्या, गौरी आमच्याकडेच बसतात. मी काही विचारलं नाही, त्याही बोलल्या नाहीत. पण परवा देवघराकडे बघत कितीतरी वेळ नुसत्या बसल्या होत्या.

ज्यांनी हे भोगलंय त्यांनी सांगा. शाळेत साडी नेसून सलग तास घेता येतात का? वास येतो का? आणि मुख्य म्हणजे, आतडं परत जोडल्यावर सगळं खरंच पहिल्यासारखं होतं का? याचं उत्तर देताना डॉक्टर सगळे घड्याळाकडे बघतात. धीर नका देऊ, घरात धीर भरपूर आहे.

प्रतिसाद १

ताई, माझी पिशवी निघून चार वर्षं झाली. गाठ तुमच्यासारखीच खाली होती. तुम्ही धीर नको म्हणालात म्हणून सरळ लिहितो.

आधी तारखेचं. दोन्ही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर आहेत. जोड भरायला दोन-तीन महिने लागतात, पण केमो मध्ये आली की पिशवी बहुतेक वेळा ती संपेपर्यंत राहते. मला तीन महिने सांगितले होते, काढली आठव्या महिन्यात. दोघांना एकाच दिवशी भेटा आणि विचारा, 'केमो लागलीच तर पिशवी कधी काढणार?' काढायच्या आधी खालून औषध सोडून फोटो काढतात. त्यात जोड गळका दिसला तर थांबावंच लागतं. कॅलेंडरवर खूण करू नका, मी केली होती.

वास पिशवी रिकामी करताना येतो, एरवी नाही. नाकाशी येतोय असं वाटलं तर समजा कडेने गळतंय, पिशवीची कातडीला चिकटवायची चकती बदला. मी दर तीन-चार दिवसांनी बदलायचो, सकाळी काही खायच्या आधी, तेव्हा स्टोमा, म्हणजे पोटावर काढलेलं आतड्याचं तोंड, शांत असतो. पहिल्यांदा बघाल तेव्हा दचकाल. ओठ उलटून आतून बघितल्यासारखा लाल आणि ओला असतो. हात लावला तर दुखत नाही, पुसताना रक्ताचा थेंब आला तरी घाबरू नका.

खरा शत्रू पाणी. मोठं आतडं पाणी शोषतं, तेच वाटेतून बाजूला पडलेलं. पहिले काही दिवस मोजपात्रात मोजा. २४ तासांत दीड लिटरच्या वर जायला लागलं की लगेच दवाखान्यात कळवा. नुसतं पाणी पीत बसू नका, त्याने उलट आणखी वाहतं. ओआरएस घ्या. मी हे हसण्यावारी नेलं आणि किडनीवर ताण येऊन रक्तातलं क्रिएटिनिन वाढलं आणि सलाईनवर पडलो. पहिले दोन महिने शेंगदाणे, मक्याचे दाणे, ओलं खोबरं बंद. मऊ भात, केळं, साबुदाणा यांनी शौच दाट होते. पोटात कळा, उलट्या आणि पिशवीत काही तास काहीच नाही, असं झालं तर घरी वाट बघू नका, अडकलेलं असतं.

आता तुमचा मुख्य प्रश्न. पहिल्यासारखं होत नाही. जिथे शौच साठून राहायची ती जागाच काढलेली असते. जोडल्यानंतर पहिला महिना मी दिवसाला १२-१५ वेळा जायचो. दोन तासांत पाच वेळा, मग दुपारभर काही नाही. आली की थांबता यायचं नाही. त्या दिवसांत मला पिशवीची आठवण यायची, खोटं कशाला बोलू. जागा सोलवटते, झिंक ऑक्साइडचं मलम आधीच आणून ठेवा. सहा महिन्यांनी सात-आठ वेळा, वर्षाने चार. आज तीन-चार वेळा, आणि लग्नाला गेलो तर आदल्या रात्री उसळ खात नाही. डॉक्टर याला 'लार्स' म्हणतात. गुदद्वार आवळायचा व्यायाम असतो. तो पिशवी असतानाच विचारून घ्या, मला फार उशिरा कळला.

प्रतिसाद २

मी स्टोमाचं काम करणारी नर्स आहे. वरच्या दादांनी बरंच लिहिलंय, मी फक्त साडीचं सांगते. ऑपरेशनच्या आधी पोटावर जागेची खूण करून घ्या. ती तुम्हाला बसवून, उभं करून, वाकवून करायची असते, नुसतं झोपवून नाही, कारण झोपल्यावर घडी दिसत नाही. जाताना परकर नेहमीच्या जागी बांधून जा आणि नाडी कुठे येते ते दाखवा. नाडी बरोब्बर स्टोमावर आली तर रोज गळेल. तिथे स्टोमा नर्स नसेल तर सर्जनलाच 'खूण करा' म्हणून सांगा, संकोच नको. परळच्या टाटा मेमोरिअलमध्ये स्टोमा क्लिनिक आहे. सलग तास घेता येतात. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करायची. तासाच्या आधी जाऊन आलात की झालं.

मूळ लेखिका

दादा, 'पिशवीची आठवण यायची' हे वाचून मी चक्क हसले, कितीतरी दिवसांनी. नवऱ्याला सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. तो 'तात्पुरती' म्हणाला नाही, गप्प बसला, मग मलमाचं नाव लिहून घेतलं.

सासूबाई आत ऐकत होत्या. रात्री येऊन म्हणाल्या, "नाडीच्या जागी रुंद पट्टा लावून दोन परकर शिवून आणू का गं, पोटाला काचणार नाहीत." गौरींचं अजून मी विचारलेलं नाही.

एकच राहिलं. मला पालथं झोपायची सवय आहे. त्याचं काय?

प्रतिसाद १

ती सुटली. डाव्या कुशीवर, पोटाशी उशी घेऊन. झोपायच्या आधी पिशवी रिकामी करायची, आणि पहिले काही आठवडे पहाटे तीनचा गजर लावायचा.