मदत हवी आहे: व्यसनमुक्ती समुपदेशनाच्या कोर्सला क्षेत्रकार्याचे पैसे कुठून आणायचे?

कोरडवाहू: शुक्रवारी प्रस्ताव द्यायचाय, म्हणून घाईत लिहितेय. आमच्या कॉलेजात व्यसनमुक्ती समुपदेशनाचा एक वर्षाचा प्रमाणपत्र कोर्स आहे, मी समन्वयक. मुलं क्षेत्रकार्याला, म्हणजे प्रत्यक्ष काम शिकायला, ज्या व्यसनमुक्ती केंद्रात जातात त्याने पत्र दिलंय की आमच्या समुपदेशकांना मानधन नसेल तर यंदा मुलं पाठवू नका. प्राचार्य म्हणतात फीमधून भागवा. विद्यापीठाने कॉलेजकडे बोट दाखवलं. एक कंपनी शिबिराला पैसे द्यायला तयार आहे, मानधनाला नाही. क्षेत्रकार्य बंद करून नुसते तास घ्यायला मी तयार नाही. पैसे कुठल्या मार्गाने येतात?

वाटसरू_४१३: कसलं केंद्र? सरकारी अनुदानावरचं की संस्थेचं स्वतःचं? मुलं किती, फी किती? हे सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार?

निवृत्त_मास्तर: ताई, अभ्यासक्रम नव्याने लिहीत बसू नका. कोलंबो प्लॅन या अनेक देशांच्या संघटनेचा व्यसन-उपचारविषयक सार्वत्रिक अभ्यासक्रम तयार आहे, अनेक देशांत शिकवला जातो. या विषयाच्या विद्यापीठांचं आंतरराष्ट्रीय जाळंही आहे, त्यात नाव घाला. परदेशी निधी मिळू शकतो.

कोरडवाहू: सर, अभ्यासक्रम मंजूर आहे, एक बॅच बाहेर पडली. प्रश्न पैशाचा आहे.

हिशेबनीस: परदेशी निधीचं नावही काढू नका. परदेशी देणगीच्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर तो रुपया खात्यात घेता येत नाही. शुक्रवारपर्यंत तर नाहीच नाही.

जाणकार_पुणेकर: केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाची नशामुक्तीची राष्ट्रीय कृती योजना आहे ना? तिथे अर्ज करा.

तेरा_वर्षं_केंद्रात: चुकीचा सल्ला. मी अनुदानित केंद्रात काम करतो. तो पैसा खाटा, औषधं आणि केंद्राच्या मंजूर पदांचा. त्यातून कॉलेजच्या मुलांचं पर्यवेक्षण दाखवलं तर लेखापरीक्षणात केंद्रच अडकेल. समुपदेशकांच्या प्रशिक्षणाचं मात्र पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात बरीच वर्षं काम चालतं. 1986 पासूनची संस्था आहे. तिथे एकदा बोलून घ्या.

कोरडवाहू: @वाटसरू, केंद्र संस्थेचं आहे, अनुदान नाही. हे आधी लिहायचं राहिलं. जागा 20, आली 11. फी 12,000, जमा 1,32,000. थिअरीचे 180 तास, तासाला 500, म्हणजे 90,000. विद्यापीठाचं शुल्क 20,000. उरले 22,000. केंद्राचे दोन समुपदेशक, प्रत्येकी महिना 4,000, दहा महिने: 80,000. कमी पडतात 58,000.

आणि ते जास्त मागत नाहीत. गेल्या वर्षी माझी एक विद्यार्थिनी नुकत्याच दाखल झालेल्या माणसाला चहा द्यायला गेली. त्याचे हात थरथरत होते. समुपदेशक ताईंनी तिला थांबवलं, कप अर्धा रिकामा केला आणि सांगितलं, दोन्ही तळव्यांत धरायला दे. अंगावर सांडला तर तो आज कुणाशी बोलणार नाही. हे मी वर्गात कसं शिकवू?

नऊ_वर्षं_शुद्धीत: म्हणून म्हणतो, हे डिग्रीने येत नाही. मी नऊ वर्षं दारूपासून लांब आहे, दोन वर्षं केंद्रात फॉलोअपचं काम केलं. आमच्यातल्या माणसांना शिकवायला घ्या.

वाटसरू_४१३: अनुभव हवाच, पण नुसत्या अनुभवावर? दारू एकदम तोडल्यावर झटके येतात, भ्रम होतो, माणूस दगावू शकतो. ते ओळखायचं प्रशिक्षण लागतं.

नऊ_वर्षं_शुद्धीत: ते झटके मी स्वतः भोगलेत. तुम्ही वाचलेत.

जाणकार_पुणेकर: माहितीपत्रकात ‘परवानाधारक समुपदेशक’ असं छापू नका. 2021 च्या आरोग्यसेवा व्यवसायांच्या कायद्यात वर्तणूक आरोग्याची, म्हणजे समुपदेशक वगैरे, माणसंही येतात.

कोरडवाहू: छापलेलं नाही. नऊ वर्षंवाले दादा, तुमच्यासारखे दोघं आमच्याकडे तास घेतात. त्यांनाही मानधन द्यायचंय, म्हणूनच हा धागा.

सई_आई: विषय वेगळा आहे, माफ करा. माझा भाऊ रोज पितो, केंद्रात जायला तयार नाही. काय करू?

तेरा_वर्षं_केंद्रात: ताई, 14446 ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, आधी तुम्ही फोन करा. तो तयार नसला तरी घरच्यांचं समुपदेशन सुरू होतं. वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहितो.

हिशेबनीस: मूळ प्रश्नाकडे या. कंपनीला मानधन म्हणू नका. 11 विद्यार्थ्यांचं प्रशिक्षण, प्रत्येकी इतका खर्च, असा प्रकल्प मांडा. कंपन्यांनी सामाजिक कामावर (सीएसआर) कशाकशाला खर्च करायचा त्याची यादी कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात आहे, तिच्यात शिक्षण आणि आरोग्य दोन्ही आहेत. संस्थेमार्फत खर्च करायचा तर तिची सीएसआर-1 नोंदणी हवी, 2021 पासून सक्तीची आहे. तुमच्या केंद्राच्या ट्रस्टकडे असेल तर पैसे थेट तिकडे जाऊ द्या. कॉलेजच्या खात्यात आणलेत तर मंजुरीतच वर्ष जाईल.

वाटसरू_४१३: आणि पुढच्या बॅचपासून क्षेत्रकार्य शुल्क वेगळं दाखवा.

कोरडवाहू: फी वाढवली तर आहेत ती 11 पण येणार नाहीत. निम्म्या मुली आशाताई आणि अंगणवाडी सेविका आहेत. पण केंद्राच्या ट्रस्टचं मला सुचलंच नव्हतं. आत्ताच फोन लावला, त्यांच्याकडे नोंदणी आहे, दोन वर्षांपूर्वी रुग्णवाहिकेसाठी केली होती. आता कॉलेज, केंद्र आणि कंपनी असा तिघांचा करार लागेल ना? कुणाकडे मसुदा असेल तर उद्या दुपारपर्यंत व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. प्राचार्यांची सही पुरते की कॉलेज चालवणाऱ्या संस्थेच्या सचिवांचीही लागते?

हिशेबनीस: सचिवांची घ्याच. मसुदा रात्री पाठवतो.