मदत हवी आहे: वेग (एमबी प्रति सेकंद) डब्यावर ७०००, चाचणीत ३४८०, कॉपी करताना ११०. एसएसडी खराब आहे का?

नमस्कार. इंदूरला जेल रोडवरून १ टीबीची जेन ४ (पीसीआयई जोडणीची चौथी पिढी) एनव्हीएमई एसएसडी घेतली, मेमरी क्यूएलसी प्रकारची आहे. मदरबोर्ड बी४५०, प्रोसेसर रायझन ५ ३६००. वेग मोजणाऱ्या क्रिस्टलडिस्कमार्कमध्ये रीड सेकंदाला ३४८० एमबी. लग्नाच्या शूटिंगचा १२० जीबीचा फोल्डर साटा (जुन्या, हळू जोडणीच्या) एसएसडीवरून कॉपी करताना ४० जीबीपर्यंत ५०० मिळतात, मग ११० वर येऊन तिथेच अडकतं. ९३१ पैकी १७० जीबी रिकामे आहेत. दुकानदार उद्यापर्यंतच बदलून देईल. काय करू?

उत्तर १
ड्राइव्ह खराब नाही. बी४५० चा स्लॉट जेन ३ चा आहे, त्याच्या चार लेनमध्ये (डेटाच्या मार्गिकांत) ३५०० च्या आसपासच मिळतात. ५०० ही तुमच्या साटा एसएसडीची मर्यादा, नवीचा त्यात दोष नाही.

खरा मुद्दा ११० चा. क्यूएलसीच्या एका सेलमध्ये ४ बिट बसतात. वेग मिळावा म्हणून ड्राइव्ह रिकाम्या सेलमध्ये आधी १-१ बिटच लिहितो, म्हणजे हा कॅशे (तात्पुरती वेगवान जागा) रिकाम्या जागेच्या जास्तीत जास्त चौथा हिस्सा. १७० भागिले ४, साधारण ४२ जीबी. तुमचा वेग नेमका तिथेच पडतोय! पुढे जुना डेटा ४ बिटांत आवरत नवा घ्यावा लागतो. डब्यावरचा आकडा कॅशेतला असतो, क्रिस्टलडिस्कमार्कची १ जीबीची चाचणीही त्यातच संपते.

उत्तर २
तापमानही बघून घ्या, इंदूरचा मे महिना आहे. कॉपी चालू असताना तापमान दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो उघडा. गरम झाल्यामुळे वेग पडत असेल तर कॉपीच्या खिडकीतला वेगाचा आलेख करवतीसारखा खाली-वर होतो. कॅशे संपला असेल तर सपाट रेघ. कॉपीचे पहिले काही सेकंद धरू नका, विंडोज तेव्हा रॅममध्ये लिहीत असतं.

धागाकर्ता
५८ अंश, रेघ सपाट.

उत्तर १
मग कॅशेच. २५०-३०० जीबी रिकामे ठेवा, विंडोजच्या ड्राइव्ह ऑप्टिमाइझमधून ट्रिम (पुसलेल्या जागा मोकळ्या असल्याचं ड्राइव्हला कळवणारी आज्ञा) चालवा आणि मशीन काही वेळ चालू पण निवांत राहू द्या. मोठा फोल्डर ३०-३० जीबीच्या तुकड्यांत, मध्ये थांबून टाका.

रोज व्हिडिओचंच काम असेल तर उद्या फरक भरून डीरॅमवाली (स्वतःची वेगळी मेमरी चिप असलेली) टीएलसी (सेलमध्ये ३ बिटांची) एसएसडी घ्या, मात्र आधी त्या मॉडेलचा पूर्ण ड्राइव्ह भरेपर्यंतच्या लेखनाचा आलेख शोधा. ७००० च्या वेगासाठी बोर्ड बदलू नका. प्रोग्रॅम उघडण्याच्या वेगासाठी क्रिस्टलडिस्कमार्कमधली आरएनडी४के क्यू१टी१ ची ओळ (छोट्या, विखुरलेल्या तुकड्यांचा वेग) बघायची, ती चांगल्या जेन ४ ड्राइव्हलाही १०० च्या आतबाहेरच असते.