मदत हवी आहे : चोखोबांचे अभंग आणि ढसाळांची कविता यांची तुलना कोणत्या पायावर करावी?

नमस्कार. एम. ए. मराठीच्या निबंधासाठी मी चौदाव्या शतकातील संत चोखामेळा यांचे अभंग आणि दलित कवी नामदेव ढसाळ यांचा १९७२ साली प्रसिद्ध झालेला ‘गोलपिठा’ हा कवितासंग्रह यांत अन्यायाची भावना कशी व्यक्त होते, हे तपासत आहे. ‘ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा’ असे म्हणताना चोखोबा वरवरच्या रूपाला भुलणाऱ्यांना जाब विचारतात, पण तो विठ्ठलभक्तीच्या चौकटीत राहून. ढसाळ मात्र मुंबईतील कामाठीपुरा या वेश्यावस्तीच्या परिसरातील बोली शिव्यांसकट कवितेत आणून प्रमाणभाषेलाच हादरा देतात. माझी अडचण अशी की, पहिल्याला ‘विनवणी’ आणि दुसऱ्याला ‘विद्रोह’ म्हटले की तुलना फारच सोपी होते, आणि खरे सांगायचे तर ती मला पटत नाही; कारण चोखोबांच्या पत्नी संत सोयराबाई यांच्या ‘देहासी विटाळ म्हणती सकळ’ या अभंगातील रोखठोक युक्तिवाद विनवणीत बसतच नाही. तेव्हा भावनेऐवजी कवी कोणाशी बोलतो आहे, हा तुलनेचा पाया धरावा का? शिवाय अभंगाचा छंद आणि मुक्तछंद यांमुळे संतापाच्या अभिव्यक्तीत पडणारा फरक कसा मांडावा, याविषयीही जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.