'अ‍ॅक्सिलरेट' आल्यावर 'पिक अप' कशाला?

परभणीकर:
काल इथं एकानं लिहिलं, "वेग वाढला हे सांगायला 'अ‍ॅक्सिलरेट' पुरे. फ्रेजल व्हर्ब हा क्लासवाल्यांचा धंदा." फ्रेजल व्हर्ब म्हणजे क्रियापदाला 'अप', 'डाउन' असा शब्द जोडून झालेलं क्रियापद. डोकं सणकलं. मरगळलेला माणूस चहा पोटात गेला की 'पर्क्स अप', कंटाळलेला वर्ग गोष्ट निघाली की 'लाइव्हन्स अप'. तिथं 'अ‍ॅक्सिलरेट' घालून दाखवा. उत्पादन 'स्टेप अप' करायला माणूस लागतो, वारा आपसूक 'पिक्स अप'. प्रत्येकाची जागा ठरलेली आहे.

लातूर रोड:
ती पोस्ट माझीच. लेकरं फ्रेजल व्हर्बच्या याद्या घोकतात आणि पेपरात 'स्पीड अप इट' लिहून येतात. काय कामाच्या त्या याद्या?

परभणीकर:
मग नियम सांगा ना! सर्वनाम असलं की मधेच: 'स्पीड इट अप'. नाम असेल तर 'स्पीड अप द वर्क' आणि 'स्पीड द वर्क अप', दोन्ही बरोबर. फळ्यावर दोन ओळींचं काम.

गोदाकाठ:
मूळ दुखणं शाळेत आहे. आम्हाला इंग्रजी पाचवीला सुरू झालं. 2000 साली ते पहिलीपासून आलं, पण खेड्यात शिकवणारे तेच राहिले. आमचे गुरुजी धडा मराठीत सांगायचे, प्रश्नोत्तरं फळ्यावरून उतरवून घ्यायला लावायचे, संपलं. पुण्यात मुलाखतीला बसलो तर 'हरी अप'च्या पुढं तोंडातून काही निघेना.

लातूर रोड:
गुरुजींवर ढकलू नका. मीही जिल्हा परिषदेच्याच शाळेतला.

गोदाकाठ:
तुम्हाला शाळा सुटली की क्लास होते. आमच्या तांड्यावर एसटीसुद्धा धड येत नव्हती. कशाला बोलायला लावता?

जिंतूरची बाई:
मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. लेकरांना मैदानात पळवते. 'स्पीड अप' म्हटलं की जोरात, 'स्लो डाउन' म्हटलं की हळू. कबड्डीआधी 'वॉर्म अप'. पहिलीतली लेकरं आता एकमेकांवर 'स्पीड अप' म्हणून ओरडतात, यादी कुणी पाहिलेलीसुद्धा नाही. गुरुजींच्या नावानं बोटं मोडता, मग मतदारयाद्या घेऊन दारोदार कोण फिरतं तेही लिहा. त्या दिवसांत वर्गावर कोण असतं?

लातूर रोड:
बाईंचं पटलं. 'पिक अप'चंही मान्य करतो. दिवाळीच्या तोंडावर आडतीत उलाढाल वाढते, तिला 'अ‍ॅक्सिलरेट' कुणी म्हणणार नाही. पण भूतकाळ 'स्पेड अप' की 'स्पीडेड अप'?

परभणीकर:
दोन्ही चालतात. हे कालच विचारलं असतं तर एवढं लिहावं लागलं नसतं.

गोदाकाठ:
बाई, मतदारयाद्यांचं काम शिक्षकांकडून काढायलाच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण आमचे गुरुजी मतदारयाद्यांमुळं तसे नव्हते. माझं म्हणणं मी मागं घेत नाही.