‘हमखास डॉल्फिन’ म्हणणाऱ्या एकदिवसीय सहलीला जावं का?

टिळकवाडीकर
पहाटे पाचला बेळगाव सोडा, आंबोली घाट उतरा, मालवणजवळ देवबाग-तारकर्लीला हमखास डॉल्फिन बघा, रात्री घरी. सध्या अशा सहलींच्या जाहिराती खूप फिरतायत. मला तो ‘हमखास’ खटकतो. तिथं किनाऱ्यालगत दिसतात ते बहुतेक कुबडवाले डॉल्फिन. उथळ पाणी, नदीचं मुख ही त्यांची मासे धरायची जागा. कर्ली नदी समुद्राला मिळते तिथं बोटीही नेमक्या त्यांच्या जेवणावरच जातात. दाखवायचा शब्द दिलाय म्हटल्यावर नावाडी थांबेल कसा? एक पाठ दिसली की चारी बाजूंनी इंजिनं तिकडंच. हा प्राणी आवाजाच्या आधारानं मासा शोधतो, श्वासाला त्याला वर यावंच लागतं, आणि पिल्लू असेल तर आई त्याला सोडून लांब बुडी मारत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात तो वाघाच्याच अनुसूचीत, पहिल्या, म्हणजे सर्वात कडक संरक्षणाच्या यादीत आहे. जा, पण हमी मागू नका.

शहापूरची आई
काका, आमचं घर विणकामाच्या मागावर चालतं, सुट्टी एक दिवसाची. गाडीभाडं, जेवण, बोट, सगळं भरायचं आणि दिसलं तर दिसलं? हे पोटभर सुट्ट्या असणाऱ्यांचं बोलणं झालं. डॉल्फिन मासा नव्हे, हे माझ्या मुलीला पुस्तकातून कळलं नव्हतं, बोटीत कळलं. आणि नावाड्यांचंही बघा की. पावसाळ्यात दर्या बंद, उरलेल्या महिन्यांतच कमवायचं.

खानापूरकर
हमीपेक्षा वेळेचं गणित चुकतंय. पाचला निघून आंबोलीत नाश्ता केला की देवबागला दहा वाजतात. दर्या सकाळी शांत, नंतर वारा सुटतो, लाटा उठतात, पाठ दिसत नाही. मग गाईडची घाई, बोटीची पळापळ. कासवांचंही तेच: वेंगुर्ल्याजवळ वायंगणीला मादी रात्री अंडी घालते, पिल्लं समुद्रात सोडतात पहाटे नाहीतर संध्याकाळी. एका दिवसात बसतच नाही ते. एक रात्र घरगुती मुक्काम करा, तिथल्याच कुटुंबाला पैसे मिळतात.

शहापूरची आई
मुक्कामाचे पैसे कोण देणार, दादा?

टिळकवाडीकर
ताई, तुमची अडचण खरी आहे, पण तिची किंमत त्या डॉल्फिनच्या पिल्लानं का द्यावी? एक दिवसच असेल तर नाश्ता गाडीत करा, आंबोलीला थांबूच नका. आणि गाईडनं नुसते डॉल्फिन विकू नयेत. माडावरचं समुद्री गरुडाचं घरटं, ओहोटीला उघड्या पडलेल्या खडकांतले खेकडे, खाडीतले बगळे, हे दाखवायला इंजिन लागत नाही.

निपाणीकर
निघायच्या आधी एवढंच विचारा: डॉल्फिन दिसल्यावर इंजिन बंद करता का? ‘नाही’ म्हणाले तर दुसरी बोट बघा.

शहापूरची आई
इंजिन बंद ठेवायचं, लांबूनच बघायचं, मान्य. खेकडे-बगळेही बघू. पण जाहिरातीत हमखास लिहून पैसे घेतले असतील, तर डॉल्फिन न दिसल्यास अर्धे परत मागणारच मी. ते नको असेल तर आधी जाहिरात बदला म्हणावं त्यांना.