डिचोलीजवळ जुनं घर घेतोय, गोव्यात कागद कुठले बघायचे?

मंगळवारपेठकर:
नमस्कार मंडळी. मिसेसची बदली पणजीला झालीय, आता तिकडंच राहायचं ठरतंय. डिचोलीजवळ एक कौलारू घर मनात भरलंय, मागं माडांची जागा. मालक वारलेत. त्यांची बायको आणि तीन मुलं आहेत. धाकटा म्हणतो, "सगळं मीच बघतो, सही मी करतो." त्यानं घरपट्टीची पावती दाखवली. आपल्याकडं सातबारा, फेरफार काढला की अंदाज येतो. तिकडं काय मागू?

बावड्याचा पाटील:
घरपट्टीनं मालकी ठरत नाही, इथंही नाही आणि तिथंही नाही. तिकडं आपल्या सातबारासारखा एक-चौदाचा उतारा असतो, तो ऑनलाइन बघता येतो. आपल्या एनएला, म्हणजे बिनशेती परवान्याला, तिथं सनद म्हणतात. माडांची जागा सेटलमेंट झोनमध्ये, म्हणजे घरं बांधायच्या पट्ट्यात, आहे का, याचा दाखला टाऊन प्लॅनिंगकडनं घ्या. नसेल तर पुढं एक खोली वाढवायची म्हटली तरी अडचण.

माहेर राजारामपुरी, सासर म्हापसा:
दादा, धाकट्याच्या एकट्याच्या सहीवर रुपयासुद्धा देऊ नका. गोव्यात समान नागरी कायदा आहे, मूळ पोर्तुगीजांच्या १८६७ च्या संहितेतला. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र, निम्मी-निम्मी. म्हणजे निम्मं घर त्या बाईंचं आधीपासूनच आहे. उरलेल्यात तिन्ही मुलं सारखी, मुलगी असली तरी. शिवाय ज्यांची लग्नं झालीत त्यांच्या जोडीदारांच्याही सह्या लागतात. माझ्या चुलत सासऱ्यांच्या घरच्या खरेदीखतावर विकणाऱ्यांच्याच अकरा सह्या होत्या, आणि दुबईतल्या जावयाचं मुखत्यारपत्र येईपर्यंत सगळे थांबले होते.

वारस ठरवायला कोर्टातली इन्व्हेंटरी, म्हणजे मालमत्तेची यादी करून वाटणी, तरी लागते, नाहीतर नोटरीपुढं केलेला वारसाचा दस्त. यातलं काय झालंय, हे पुढच्याच भेटीत विचारा. आणि वकील तिथलाच धरा. आपला कोल्हापूरचा वकील कितीही हुशार असला तरी हे त्याच्या रोजच्या कामातलं नाही.

अजून एक, माडांच्या जागेत शेवटपर्यंत चालत जाऊन या. कुणाचं छोटं घर आहे का? मुंडकार, म्हणजे मालकाच्या संमतीनं त्याच्या जमिनीत घर करून राहणारा, असेल तर १९७५ च्या कायद्यानं त्याला असं उठवता येत नाही. उलट ते घर आणि भोवतीची जागा विकत घ्यायचा हक्क त्याला आहे.

मंगळवारपेठकर:
ताई, विहिरीजवळ एक घर आहे खरं. एक आजी राहतात. धाकटा म्हणाला, पूर्वी आमच्याकडं कामाला होत्या.

माहेर राजारामपुरी, सासर म्हापसा:
मग आधी मामलेदार कचेरीत जा, मुंडकारांचं रजिस्टर तिथं असतं. एक-चौदावर नाव नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. पगारी घरगडी असेल तर मुंडकार धरत नाहीत, पण ते मामलेदार ठरवणार, धाकटा नव्हे. आजींजवळ बसून नीट विचारा, किती वर्षं राहताय, घर कुणी बांधलं, लाइटबिल कुणाच्या नावावर. त्यांना घाबरवू नका, आयुष्य गेलंय त्यांचं तिथं. हे सगळं कळेपर्यंत इसार देऊ नका.